दादाचा विमानाचा गेम

७ नोव्हेंबर, मालेगाव
ऑफिसातून आले तर दादा टीव्हीसमोर बसलेला. हातात आमच्या लहानपणच्या टीव्हीगेमचं रिमोट, डोळे मिटलेले. टीव्ही काळा. घरभर जळका वास. मला वाटलं वहिनीची फोडणी करपली, तर गॅस पेटलेलाच नव्हता. वहिनीने खुणेनेच सांगितलं, विचारू नको. मी विचारलंच, गप्प बसणं मला कधी जमलंय. "काही नाही, थकलो," म्हणाला. जेवला नाही. शुगरच्या माणसाने उपाशी झोपायचं आणि आम्ही जीव मुठीत धरून बसायचं.

८ नोव्हेंबर
सकाळी वहिनीने स्वयंपाकघरात ओढून सांगितलं. काल दुपारी दादाने गेम लावला. मशीनचा दिवा क्षणभर लागला आणि समोर सगळं काळं. त्याला वाटलं, उजवाही डोळा गेला. तेव्हापासून डोळे मिटूनच आहे. उघडून पाहायची हिंमत होईना त्याला.
डावा तर होळीच्या आधीच गेला. उजव्यात अकोल्याला इंजेक्शनं चालू आहेत. 
मग तो जळका वास आठवला. जाऊन पाहिलं तर मशीनच्या भोकात सेटटॉप बॉक्सचा अडॅप्टर. आमच्या घराची ही जुनी रीत, पिन बसली की झालं. रेडिओचा अडॅप्टर पाय शेकायच्या मशीनला, त्याचा कशाला तरी. भोकावर बारीक अक्षरात काय लिहिलंय ते दादाला दिसणार नव्हतं, आणि खरं सांगायचं तर दिसत असतं तरी आमच्यात कोणी वाचलं नसतं.
त्याला हलवून सांगितलं, अरे डोळा नाही गेला, मशीन जळालं. डोळे उघडले. खिडकीकडे पाहिलं, वहिनीकडे पाहिलं, हाताची बोटं पाहिली.
"मशीन जयली ना? मंग बरं झालं."
असा हसला की मला रडू आलं. नंतर चार पोळ्या खाल्ल्या.

९ नोव्हेंबर
गेम काढला होता माझ्यासाठी. वहिनीला म्हणाला होता, डोळा आहे तोवर संगीसोबत विमानाचा एक डाव खेळून घेतो. मला मात्र एका शब्दाने बोलला नाही.
लहानपणी रविवारी वंदनेहून आलो की विहारातले कपडेही न बदलता बसायचो. त्याचं पहिलं विमान, माझं दुसरं. मी मेले की तो माझ्याकडचे बॉम्ब पण वापरायचा. लबाड.
डोळ्यांपायी स्वतःची काळीपिवळी जीप विकल्यापासून त्याने काही मागितलेलं नाही. आता मागितलं तर हे, आणि तेही जाळून ठेवलंय. ठीक आहे, करून घेऊ दुरुस्त. त्यात काय एवढं?

१२ नोव्हेंबर
त्यात काय एवढं, म्हणे! मालेगावात दोन मोबाईलवाल्यांनी डबा उघडायलाही नकार दिला. एकजण म्हणाला, मॅडम, बाजारात नवा घ्या, त्यात ढीगभर गेम असतात. मी म्हटलं, मला एकच पाहिजे. असा पाहत राहिला, जसं काही मी खुळीच आहे.

१५ नोव्हेंबर
सुट्टी टाकून मंगरूळपीरला. दर्ग्याच्या रस्त्याला रऊफभाईंचं दुकान, रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं. आपल्या घरचा जुना टीव्ही तेच दुरुस्त करायचे. दुकानात आता जास्त करून पंखे आणि मिक्सर. मशीन पाहून खुश झाले, म्हणाले किती वर्षांनी आलं असं.
उघडलं. हिरव्या पाटीवर एक काळा डाग, तीन पायांचा एक पार्ट फुटलेला, आणि तांब्याची बारीक रेघ जळून उचकटलेली.
"ताई, याच्या पोटात उलटी लाईन गेली. याच्या पिनीचं प्लस आत नाही, बाहेर राह्यते."
होईल का, विचारलं. "पार्ट बदलतो. चिप गेली असन तर मंग अल्ला मालिक. तशी चिप आता कुठं भेटते?"
घाई काय आहे, असं त्यांनी विचारलं. दादाच्या डोळ्याचं सांगितलं. त्यांनी चहा मागवला.

१८ नोव्हेंबर
दादा रोज विचारतो, फोन आला काय. मी म्हणते, नाही. मग म्हणतो, त्या माणसाले त्रास नको देऊ. आणि तासाभराने पुन्हा विचारतो.

२१ नोव्हेंबर
अकोला. तिसरं इंजेक्शन. डॉक्टर म्हणाले, पाहू. आधीही पाहूच म्हणाले होते. मी विचारलं, किती दिवस दिसेल? ते फाइल चाळत राहिले. चांगला माणूस आहे, पण त्यांच्याकडेच काही नाही तर देतील काय?
येताना बसमध्ये दादा खिडकीशी. शेतांकडे बोट दाखवून म्हणाला, तूर चांगली आली औंदा. ती कपाशी होती. मी "हो" म्हटलं.

२४ नोव्हेंबर
रऊफभाईंचा फोन. पार्ट बदलला, लाईट लागला, चित्र नाही. जळलेल्या रेघेच्या जागी बारीक तार जोडायला गेले तर बाजूचीही उचकटली. "माया हातानंच झालं ताई, खोटं नाही बोलत. सोल्डरचा डाग जास्त गरम झाला." आवाजाची लाईन होती ती. चित्र आलं तरी आवाज आता येणार नाही.
आगीतून फुफाट्यात. चिडावं कोणावर? ज्याने प्रयत्न केला त्याच्यावर? फोन ठेवून टेबलावर डोकं टेकून बसले. साहेबांनी विचारलं, बरं नाही का. म्हटलं, बरं आहे.

२५ नोव्हेंबर
दादाला सांगितलं, वेळ लागेल. तो म्हणाला, राहू दे आता, घेऊन ये तसंच.
मी भडकले. सुट्ट्या घालवायच्या, लोकांच्या पाया पडायचं, आणि हे म्हणतात राहू दे. बरंच बोलले. त्याने ऐकून घेतलं.
"संगे, मशीन बिघडेल हाय तवरच बरं हाय. सुधरून आली अन् मले नाही दिसलं, तं मंग काय म्हणू म्या?"
भाजी निवडायला बसले. निवडलेली मेथी कचऱ्यात आणि काड्या पातेल्यात. वहिनीने उलटं करून दिलं.

२९ नोव्हेंबर
दुरुस्त करून आणायचं की नाही? वहिनी म्हणते, त्यांनी नको म्हटलं ना, नको. मी म्हणते, त्याला हवंय, भीती वाटते म्हणून नको म्हणतो. वहिनी म्हणाली, "बाई, भीती त्याहिले वाटते का तुमाले?"
दोघांनाही वाटते. तिलाही वाटते. या घरात आता तेवढंच भरपूर आहे.
दादा हल्ली चहाचा कप टेबलावर ठेवताना आधी हाताने कड शोधतो. विचारलं की म्हणतो, ठीक दिसते.

३ डिसेंबर
दुपारी रऊफभाईंचा फोन. "ताई, इमान उडून राह्यलं."
ऑफिसात खुर्चीवरून उठलेच. शेजारच्या बाईंना वाटलं घरून वाईट खबर. त्यांनी पाणी आणलं, प्यायले.

६ डिसेंबर
सकाळी विहारात वंदना, मग मी एकटीच मंगरूळपीरला. दादाला काही सांगितलं नाही, मैत्रिणीकडे जाते म्हटलं.
रऊफभाईंनी दुकानातल्या टीव्हीला लावून दाखवलं. आवाज नाही, पण चित्र. निळं आभाळ, ते छोटंसं पांढरं विमान. मी तिथेच काउंटरला धरून रडले. ते दुसरीकडे तोंड करून पंख्याचा स्क्रू पिळत बसले.
पाटी अशी दिसते की काय सांगू. इकडून तिकडे बारीक तारा, चिमटीत धरून डकवलेल्या. तीनदा बजावलं, धक्का लागू देऊ नका, जुन्या पाटीवर डाग धरत नाही. अडॅप्टर त्यांच्याकडचा दिला, वर मोठ्या अक्षरात लिहून, याच मशीनचा.
शेलूबाजारमार्गे आले. डबा मांडीवर घेऊन, लेकरू धरावं तसा. खड्डा आला की मी उचलून धरायची. कंडक्टर हसला. हसू दे.
घरी येऊन कपाटात ठेवलं, माझ्या साड्यांच्या खाली. बोलायची हिंमत नाही.

८ डिसेंबर
दादाला कळलं. वहिनीनेच सांगितलं असणार, तिच्या पोटात काही राहत नाही. रागावला नाही. जेवताना म्हणाला, परवा अकोल्याले जाणं हाय, त्याच्या आधी एक डाव होऊन जाऊ दे.

९ डिसेंबर
दुपारी जेवण झाल्यावर लावला. रऊफभाईंचाच अडॅप्टर, दोनदा वाचून. दादा खुर्ची ओढून अगदी टीव्हीजवळ. वहिनी माझ्यामागे. आवाज येणार नाही, हे त्याला आधीच सांगितलं होतं.
बटण दाबलं. मशीनचा दिवा लागला. पडदा काळा.
बंद करून पुन्हा दाबलं. काळाच. कुठली तरी तार सुटली, बसमध्येच सुटली असणार. एवढं सांभाळून. आता त्याला काय सांगू, असा विचार करत होते. थांब दादा, असं म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात तोच म्हणाला,
"आलं. इमान आलं ना संगे."
मी वहिनीकडे पाहिलं. तिने पदर तोंडाला लावला.
तो पडद्याकडेच पाहत होता, अंगठ्याने बटणं दाबत. "साफ दिसून राह्यलं," म्हणाला. "तू घे ना दुसरं."
मी दुसरं रिमोट घेतलं आणि त्याच्या बाजूला खाली बसले. म्हटलं, हो, साफ आहे. बराच वेळ खेळलो. मध्येच तो म्हणाला, मेली का तू? मी म्हटलं, मेले. तो हसला.
आता तो झोपलाय. त्याला खरंच काहीतरी दिसलं, का माझी धावपळ वाया जाऊ नये म्हणून बोलला, का काळं आणि चित्र यातला फरकच आता... मी विचारू शकत नाही. वहिनी भांडी घासते आहे.
उद्या सकाळच्या गाडीने अकोला. डॉक्टर विचारतील, कसं दिसतं. तो म्हणेल, साफ. आणि मी त्याच्या बाजूला उभी असेन.