सुजाताच्या झाडाखालची माती

२ फेब्रुवारी, रविवार

अ‍ॅव्होकाडोला मोहोर! पाच वर्षांत पहिल्यांदा. मैत्री सकाळी मागच्या दारातून ओरडली, "बाबा, कम, कम! फ्लॉवर्स!" मी तोंडात ब्रश तसाच घेऊन बाहेर. खरंच की. प्रत्येक फांदीच्या टोकाला पिवळट-हिरवे झुबके. इतके की पानं दिसेनात.

सुजाता आज हवी होती.

मरीन परेडमधला हा तळमजला भाड्याने घेतला तो मागच्या मातीच्या चौकोनासाठी. तिचा अ‍ॅव्होकाडो, माझा आंबा. हॉकर सेंटरमधल्या, खाण्याच्या टपऱ्यांतल्या ज्यूसवाल्या बाईकडून बी मागून आणली तिने, ओढणीच्या टोकात बांधून. माझं नर्सरीतलं कलम. त्यावरून किती चिडवायची. "तुझं रेडीमेड, माझं घरचं."

जूनमध्ये ती गेली. पुण्यानुमोदनाच्या दिवशी तिची रक्षा याच झाडाच्या मुळाशी घातली. नदी, समुद्र आपल्या बौद्धांत नाही, झाडच. तेव्हापासून मैत्री शाळेतून आली की दप्तर टाकून आधी मागच्या दारी. पंधरा वर्षांची पोर झाडाला शाळेतलं सगळं सांगते. मला काही नाही.

पानांची टोकं करपलीत थोडी. समुद्राचा वारा असेल.

५ फेब्रुवारी, बुधवार

नागपूरहून ताईचा फोन. मैत्रीने तिला फोटो पाठवलेला. "अरे, सुजाता फुलली रे," म्हणाली आणि रडायलाच लागली. रक्षा झाडाला घालायचं तिनेच सांगितलं होतं. बाबांची आम्ही शेतात घातली, वर निंब लावला. आज त्याच्या सावलीत बैल बसतात.

मैत्री फोनवर: "आत्या, फ्रूट आलं ना, फर्स्ट वन तुला." झाडाविषयी बोलताना मराठी येतं बरोबर. माझ्याशी मात्र सगळं इथलं इंग्रजी, 'कॅन लाह', 'कॅनॉट लाह'.

बऱ्याच दिवसांनी दोघंही पोटभर जेवलो.

९ फेब्रुवारी, रविवार

शेजारचे चिनी आजोबा. आम्ही अंकल म्हणतो. कुंपणापलीकडे त्यांच्या पपया, लिंबं. आज बराच वेळ आमच्या झाडाकडे बघत उभे. मैत्री आत गेल्यावर हळूच म्हणाले, "टू मेनी फ्लॉवर. नॉट हॅपी फ्लॉवर. धिस ट्री स्केअर्ड."

मरायला टेकलेलं झाड असं भरभरून फुलतं म्हणे. बी तरी मागे राहावी म्हणून. मग विचारलं, "व्हॉट यू पुट इनसाइड?"

"नथिंग. कंपोस्ट."

धडधडीत खोटं. म्हाताऱ्याला पटलं नाही, दिसत होतं. मनात म्हटलं, तुम्ही तुमच्या पपया सांभाळा. पण नंतर एकटाच जाऊन पानं नीट पाहिली. फक्त टोकं नाहीत, कडासुद्धा जळाल्यात. जुनी पानं जवळजवळ सगळीच. शेजारचा आंबा, त्याच वाऱ्यात, हिरवागार. म्हणजे वारा नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

दोन डब्यांत माती घेतली. एक आंब्याची, एक तिची. कंपनीच्या बसमध्ये मांडीवर धरून बसलो. लॅबमध्ये तपासू म्हटलं, वीस वर्षं हेच तर करतोय, बॉयलरच्या पाण्यातले क्षार मोजणं.

जुरोंग आयलंडच्या, कारखान्यांच्या बेटाच्या, गेटवर बॅग उघडायला लावली.

"व्हॉट इज धिस?"

"सॉइल."

गार्डने तिच्या डब्याचं झाकण काढून वास घेतला. बोटाने ढवळणार, तेवढ्यात मी ओरडलो, "प्लीज, डोन्ट टच!" इतक्या जोरात, की मागची रांग गप्प झाली.

"डेंजरस?"

"नो. नॉट डेंजरस."

त्याने झाकण नीट लावून दिलं. भला माणूस. दिवसभर त्याच्यावर उगाच ओरडल्याची लाज वाटत राहिली.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आंब्याची माती ठीक. तिच्या मातीचा आकडा वर जातच राहिला. दोनदा मीटर धुतलं, तिसऱ्यांदा मोजलं. तेच. मीठ आणि चुना.

हाडांची राख. दुसरं काय निघणार त्यात?

गावाला चितेची राख असते, लाकडाचीच जास्त. ती मोकळ्या शेतात पसरायची, वर अख्खा पावसाळा, मग झाड. इथे दळलेली पांढरी पूड, पिशवीभर. मी वाढलेल्या झाडाच्या मुळापाशी हातभर खड्डा केला आणि सगळी एकदम ओतली. वर दोन्ही हातांनी दाबली. चारी बाजूंना काँक्रीट, पाणी जाणार कुठे? आणि अ‍ॅव्होकाडो म्हणजे मिठाच्या बाबतीत अगदी नाजूक जात. हे मला माहीत होतं. माहीत होतं!

अक्कल कुठे गहाण टाकली होती त्या दिवशी? ज्याचं पोटच यावर चालतं त्याने हे करावं. पण त्या दिवशी ती पूड मला क्षार वाटलीच नाही. सुजाता वाटली.

काढली नाही तर झाड जाणार. काढायची तर मैत्रीला काय सांगू? तुझी आई झाड मारतेय?

१६ फेब्रुवारी, रविवार

आधी धुऊन बघू म्हटलं. मैत्रीला सांगितलं, झाडाला भरपूर पाणी हवंय. तिने पाइप धरला. "आईला आंघोळ," म्हणाली. मराठीत. मी नळाकडे तोंड करून उभा राहिलो.

पाणी खाली उतरेना. तुंबलं. आत घट्ट बसलंय सगळं. संध्याकाळपर्यंत डबकं तसंच, शेवटी मगाने उपसलं. इथे डासांसाठी कोण कधी तपासायला येईल नेम नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

मोहोर गळाला. सगळा, चार दिवसांत. खाली तपकिरी सडा. मैत्री झाडू लावू देत नाही. पानंही मुठीने गळतायत.

"बाबा, इज शी अँग्री विथ अस?"

"नाही गं. तसं काही नसतं."

"देन व्हाय?"

सांगायचं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. "बघू," म्हणालो. तिच्या आईच्या आजारपणातसुद्धा मी तिला हेच सांगायचो, बघू. तिलाही ते आठवलं असणार, कारण ती उठून आत गेली.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

रजा टाकली. मैत्री शाळेत, नंतर बास्केटबॉलचा सराव, म्हणजे पाचपर्यंत येत नाही. तोवर काढून, नवी माती भरून, वर पालापाचोळा पसरून मोकळं व्हायचं असं ठरवलं होतं. लिहितानासुद्धा शरम वाटते.

दहाला सुरुवात. वीतभर खाली पांढरे गठ्ठे लागले, प्लॅस्टरसारखे कडक. खुरप्याने सुटेनात. हाताने काढून कपड्यांच्या टबात ठेवत होतो, एकेक. माफ कर, माफ कर म्हणत होतो, मोठ्याने.

मागचं दार वाजलं. सराव रद्द झाला होता. मैत्री, गणवेशात.

ओरडली असती तर बरं झालं असतं. हळू म्हणाली, "यू आर थ्रोइंग हर आउट." मग, "व्हेन आय अ‍ॅम इन स्कूल."

सांगायला माझ्याकडे सगळं होतं. क्षार, मुळं, मीटरचा आकडा. मातीने भरलेले हात घेऊन उभा होतो नुसता. पाऊस सुरू झाला. ती आत गेली, छत्री घेऊन आली आणि टबावर धरून बसली. स्वतः भिजत. जवळ गेलो तर म्हणाली, "डोन्ट."

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

बोलत नाही. टब तिच्या खोलीत, अभ्यासाच्या टेबलाखाली. खड्डा उघडाच. वरण-भात झाकून ठेवला होता, तसाच राहिला.

तिच्या आईच्या बाबतीतही मी असंच केलं होतं. शेवटच्या महिन्यातलं सगळं तिच्यापासून लपवलं. परीक्षा आहे, कशाला सांगायचं, म्हणून. ती दवाखान्यात आली तेव्हा सुजाता बोलण्यापलीकडे गेली होती. मैत्रीने त्याबद्दल एकदाही विचारलं नाही. आता वाटतं, विचारायला हवं होतं तिने. मला फाडून खायला हवं होतं.

१ मार्च, शनिवार

सकाळी तिच्या दारात खाली बसलो आणि सगळं सांगितलं. आधी झाडाचं. मग दवाखान्याचंही. दाराकडे बघून बोललो, तिच्याकडे बघून जमलं नसतं.

दार उघडलं. "शो मी."

मीटर मी घरी आणलं होतं. दोन पेले, दोन मात्या, शुद्ध पाणी. तिनेच ढवळलं, तिनेच मोजलं. तीनदा. माझ्यासारखीच आहे, एकदा मोजून विश्वास बसत नाही.

"सो आई इज किलिंग इट."

"आई नाही. मी. मी घातली तिथे."

"यू डिडन्ट नो, लाह."

"कळायला हवं होतं मला."

तिने पेला झाकून बाजूला ठेवला. मग म्हणाली, "आपण काढू." आपण, म्हणाली.

दवाखान्याबद्दल काही बोलली नाही. त्यासाठी वेळ लागेल, किंवा कधीच बोलणार नाही. तो तिचा हक्क आहे.

२ मार्च, रविवार

दोघांनी काढली. ती हातमोजे घालेना, मग मीही नाही घातले. खड्ड्याच्या बाजूची मुळं काळी, बोटात चुरडली जाणारी. पलीकडच्या अंगाला चार-पाच पांढरी, जिवंत. एक जाडसर मूळ एका गठ्ठ्याला वेटोळं घालून बसलेलं, टोकाला कुजलेलं.

"कट?"

मला हो म्हणवेना. तिने कात्री घेतली आणि कापलं. तिचा हात स्थिर होता. मी मात्र ढसाढसा रडलो. अंकल कुंपणापलीकडे होते, ते आत निघून गेले.

टबातलं धरून पाच बादल्या निघाल्या. माती आणि राख आता एकच. मैत्रीने एक मूठ उचलली. "विच पार्ट इज आई?"

"आता वेगळं नाही करता येणार, बाळा."

"ओके," म्हणाली आणि मूठ परत बादलीत ठेवली, सांडू न देता. नवी माती, जाडी वाळू, अर्ध्या फांद्या छाटल्या. पाठ मोडली आहे.

९ मार्च, रविवार

ताईला सांगणं भाग होतं. भडकलीच. "बाहेर काढली? अरे, असं करतात का कुणी? माणूस एकदा मातीत गेलं की गेलं!" थोड्या वेळाने, "मग आता आपल्यात नसलं तरी समुद्रात सोडा. अशा बादल्या भरून घरात ठेवतात का?"

मैत्रीने फोन घेतला. "आत्या, नको. एकदम नको. ती एकदम गेली ना, तसं परत नको."

मग आम्ही दोघांनी कागद घेऊन बसून ठरवलं. आंबा दणकट आहे, थोडं सोसेल. बुंध्यापासून लांब, महिन्यातून एकदा, भरपूर कंपोस्टमध्ये कालवून एक मग. पुढच्या मगाआधी माती मोजायची. आकडा चढला की थांबायचं. किती वर्षं लागतील विचारलं तिने. हिशेब केला, म्हटलं, तू कॉलेजात असशील तोवर.

"गुड," म्हणाली.

भाड्याचं घर आहे, करार दोन वर्षांचाच असतो, हे मी बोललो. लपवायचं नाही असं ठरवलंय. ती म्हणाली, "देन वी कॅरी द बकेट्स, लाह." पहिला मग तिने आजच घातला.

३० मार्च, रविवार

अ‍ॅव्होकाडोवर एक पान नाही. नुसता दांडा आणि छाटलेले हात. चार आठवड्यांत एक डोळा फुटला नाही. मातीचा आकडा चांगला आहे, पाणी नीट उतरतंय, करायचं ते सगळं केलंय.

अंकल कुंपणापाशी आले. कालवून घातलेल्या मगाचं त्यांनी सगळं पाहिलंय, एकदाही विचारलं नाही. आज म्हणाले, नखाने साल जरा खरवड. आत हिरवं असेल तर जिवंत. तपकिरी असेल तर उपटून टाक, उगाच आशेवर राहू नको.

मी लगेच पुढे झालो. नख सालीला लावलं. मैत्रीने मनगट धरलं. "बाबा, डोन्ट. आज नको."

"अगं, कळेल तरी. दोन सेकंदांचं काम."

"आय नो. आज नको."

सुजाताच्या प्रत्येक रिपोर्टचं पाकीट मी दवाखान्याच्या लिफ्टमध्येच फाडायचो. ती म्हणायची, घरी जाऊन चहा घेऊ, मग उघडू ना. एकदाही ऐकलं नाही मी. शेवटच्या रिपोर्टलासुद्धा नाही. दहाव्या मजल्यावरून खाली येईपर्यंत तिला सगळं कळलं होतं, माझ्या तोंडावरून.

हात खाली घेतला. अंकल म्हणाले, "टुमॉरो ऑल्सो कॅन."

आत येऊन चहा टाकला. मैत्रीनेही मागितला, एरवी ती घेत नाही. दोघं मागच्या दाराच्या उंबऱ्यावर बसून प्यालो. उद्याही खरवडणार नाही, असं तिने मला सांगितलं. बरं, म्हणालो.