उदयपूरला तू आली नाहीस

आई, तू गेल्याला साठ वर्षं होऊन गेली आणि तुला उदयपूरबद्दल खरं काय ते मी अजून सांगितलेलं नाही. आज सांगते. आता ऐकायला कुणी नाही, म्हणूनच बहुधा धीर होतोय.

जयपूरच्या सी-स्कीममधल्या त्या बंगल्याच्या मागच्या दोन खोल्या आठवतात ना? पन्नासचं दशक सरत आलं होतं. बाबांची अमरावतीहून विम्याच्या कचेरीत जयपूरला बदली झाली होती आणि महिन्यातले पंधरा दिवस ते दौऱ्यावर असत. ते परतले की तू शेगडीपाशी बसून एकेक गरम पोळी वाढायचीस आणि एकेक प्रश्न विचारायचीस. जोधपूरची घरं खरंच निळी आहेत का? बिकानेरला वाळू थेट गावात शिरते का? अजमेरच्या तळ्याकाठी बायकांना बसायला जागा आहे का? बाबा पानातून मान वर न करता म्हणायचे, "असेल. मी कामाला गेलो होतो." पण तू सोडत नसस. कधी आणलेल्या भुजियाच्या पुड्यावरून, कधी बुटातल्या रेतीवरून तू विषय काढायचीस, आणि वैतागून का होईना, ते दोन वाक्यं बोलायचे. त्या दोन-दोन वाक्यांतून तू सगळं राजस्थान गोळा केलंस. स्वतः पाहिलं होतंस ते एवढंच: रामनिवास बागेतला अजबखाना म्हणजे संग्रहालय, बागेतल्या पिंजऱ्यांतले वाघ, आणि एकदा आमेर.

आठवीत मला आपल्या राज्यातल्या शहरांवर निबंध लिहायचा होता. तू पीठ मळता मळता मराठीत सांगत गेलीस आणि मी ते हिंदीत उतरवत गेले. चितोडचा गड किती लांबवर पसरलाय, अबूच्या तलावात नावा कशा भाड्यानं मिळतात, उदयपूरच्या सहेलियों की बाडीत माळी टाळी वाजवतो आणि कारंजी सुरू होतात. आमच्या वर्गाच्या बाईंनी, बहनजींनी, तो निबंध वर्गात वाचून दाखवला. "इतना सब किसने बताया?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "माताजी ने." एवढं तरी मी खरं बोलले.

पुढच्याच महिन्यात शाळेची सहल उदयपूरला निघाली. मुलींच्या आयांपैकी दोघी सोबत हव्या होत्या. बहनजींनी मला थांबवून घेतलं आणि तुझ्या नावाची चिठ्ठी हातात दिली. "तुम्हारी माताजी चलें तो लड़कियों को कितना कुछ बताएंगी."

त्याच आठवड्यात शाळेच्या फाटकापाशी तू भाजीवाल्याला म्हणाली होतीस, "भैया, मेरे को भेंडी होना." माझ्या वर्गातल्या दोघींनी ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी सबंध वर्ग मला विचारत होता, "तुम्हारी माताजी को भिंडी क्यों बनना है?" मीही त्यांच्याबरोबर हसले होते. चिठ्ठी हातात आली तेव्हा मला डोळ्यांसमोर दिसलं ते एवढंच की तू तीन दिवस बोलत राहणार आणि वर्गातल्या मुली तीन दिवस हसत राहणार. घरी येताना चिठ्ठीचे तुकडे करून मी नाल्यात टाकले. बहनजींना सांगितलं, "मां की तबीयत ठीक नहीं है."

मी निघाले त्या दिवशी तू तिखट-मिठाच्या पुऱ्या डब्यात भरून दिल्यास. गाडी हलेपर्यंत खिडकीचा गज धरून उभी होतीस; बहनजी पुढच्या डब्यात होत्या, म्हणून माझं निभावलं. "नीट बघून ये हो. मग मला सगळं सांग." आणि परत आल्यावर तू विचारलंस तेव्हा मी म्हणाले, "काही विशेष नाही. नुसतं पाणी आहे." तू म्हणालीस, "थकलीस का? उद्या सांग." दुसऱ्या दिवशीही मी काही सांगितलं नाही.

मग एकदा जौहरी बाजारात बहनजी भेटल्या. त्यांनी तुला नमस्कार केला, म्हणाल्या, "अब तबीयत कैसी है आपकी? आपको बुलाया था, आप चलतीं तो बहुत अच्छा रहता." मी तुझ्या शेजारीच उभी. तू माझ्याकडे पाहिलंस. क्षणभरच. मग त्यांना म्हणालीस, "अब ठीक हूँ, बहनजी." त्या गेल्या. घरी आल्यावर पिशवीतली भाजी काढता काढता, माझ्याकडे न बघता विचारलंस, "मी आले असते तर तुला त्रास झाला असता का गं?" नाही म्हणायला एक क्षण लागतो. मी ते म्हटलं नाही. तू "बरं" म्हणालीस आणि भाजी निवडायला बसलीस.

तू मला रागावली असतीस तर बरं झालं असतं, असं मी आयुष्यभर म्हणत आले. तू रागावली नाहीस. फक्त त्या दिवसापासून बाबांना काही विचारलं नाहीस. पुढच्या खेपेला ते जोधपूरहून आले, तुझी वाट पाहिली, मग आपणहून म्हणाले, "या वेळी किल्ल्यावर जाऊन आलो." तू म्हणालीस, "पोळी वाढू का?" त्यांना काही कळलं नाही. ते जेवत राहिले. मला कळलं होतं, आणि मीही जेवत राहिले.

पुढच्या हिवाळ्यात तुला ताप यायला लागला आणि उतरलाच नाही. मी बहनजींना सांगितलेलं खोटं खरं झालं, एवढंच मला तेव्हा वाटत होतं. दवाखान्यात बाबा तुझ्या खाटेपाशी बसून अबूची हवा किती चांगली आहे ते सांगत होते. "तू बरी झालीस की पहिले अबूला जाऊ. मग उदयपूर." तू डोळे मिटूनच म्हणालीस, "आता काहून? कशाला?" आणि भिंतीकडे वळलीस. त्यानंतर तू दोन दिवस होतीस. बाबा बोलतच राहिले. बिकानेर, कोटा, बुंदी. इतकं बोलताना मी त्यांना कधीच ऐकलं नव्हतं.

नोकरीच्या निमित्तानं मी ती सगळी शहरं पाहिली. सगळीकडे आता तिकिटं आहेत, रांगा आहेत, फोटो काढणारी माणसं आहेत. काठावर बसायला जागा सगळीकडे आहे. मी बसते आणि मला काही वाटत नाही. तुझ्यासाठी पाहावं म्हटलं, तर तुझे डोळे मला आणता येत नाहीत. स्वतःसाठी पाहावं, तर तो हक्क मी त्या नाल्यात सोडून आले. माफी मागावी, तर ती द्यायला तू नाहीस, आणि असतीस तर न मागताच दिली असतीस. ते तर मला मुळीच सोसवलं नसतं.

बाबाही गेले. हा कागद मी कुणाला दाखवणार नाही, चार दिवसांनी फाडूनही टाकेन. पण त्याआधी एक गोष्ट लिहून ठेवते. उदयपूरच्या पिछोला तळ्यात आम्ही नावेत बसलो होतो. ऊन कोवळं होतं, मी पाण्यात हात घातला होता, मुली गात होत्या आणि मीही गात होते. मी खूप आनंदात होते, आई. त्या अख्ख्या दिवसात मला तुझी एकदाही आठवण आली नाही.