गंगासागरचं नाव

नांदूरघाट, ३ एप्रिल २०२५

चि. शिवानीस आप्पाचा आशीर्वाद.

फोनवर छपाई नीट दिसत नाही, म्हणून पत्रिकाच पाठवतोय. शिवकन्येच्या लग्नाची आहे, तू घडवलेल्या अक्षरात. उभे दांडे भरदार, वळणं केसाएवढी. वर निमंत्रक म्हणून तिची आई गंगासागर, एकटीच. काय राजबिंडं दिसतंय नाव! नवऱ्यामागं शिलाई करून तिनं लेक शिकवली; नाव छापायला तिनंच सांगितलं होतं.

पण हौसेपायी मी भावकीची यादीही त्याच अक्षरात बारीक छापली. रेघा तुटल्या आणि तिचे दीर मृत्युंजयराव अर्धेच उमटले. ते आपल्या प्रेसवर आले, "आमचं नाव खाल्लं अन् विधवेचं डोक्यावर ठिवलं, कावून?" म्हणाले. वर त्यांचं नाव घालून पुन्हा छापा, नाहीतर भावकी लग्नाला येणार नाही, असा निरोप आहे. गंगासागर आता जाऊ द्या म्हणते. काय करू?

तुझा आप्पा

पुणे, ६ एप्रिल

ती. आप्पा, तुम्हाला आणि आईला शरणार्थ.

चूक तुमची कमी, माझीच जास्त. हे अक्षर मथळ्याचं. मासिकाच्या मुखपृष्ठावर, साडीच्या दुकानावर, मोठं असेल तिथंच शोभतं. बारीक केलं की मरतं, हे मी आधी सांगायला हवं होतं. यादी सगळीकडे सारख्या जाडीच्या साध्या अक्षरात घ्या. मृत्युंजयकाकांची माफी मागा, पण तुटलेल्या रेघांची. वरच्या नावाची मागू नका.

आपल्याकडे ठसठशीत अक्षर पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या फलकांना आणि नाजूक अक्षर बायकांच्या वस्तूंना. दोन्ही एकत्र नांदवायला मी दोन वर्षं घातली. ते एका बाईच्या नावावरून उतरवायचं? गंगासागर मावशीला विचारा. तिला मनापासून नको असेल तरच काढा. आणि तासभर बोलून सभा गाजवणारे तुम्ही स्वतःच्या प्रेसमध्ये गप्प कसे बसलात?

माया आहेच, ती राहू द्या.

शिवानी

नांदूरघाट, ११ एप्रिल

चि. शिवानीस आशीर्वाद.

तुझा टोमणा लागला. यादी साध्या अक्षरात छापली. गंगासागरला विचारलं, तर म्हणाली, नको मी कशाला म्हणीन, भ्याले होते. मग दोघं मिळून मृत्युंजयरावांकडे गेलो. तुटलेल्या नावाची माफी मागितली. त्यांनी नवं नाव निरखलं, ठीक म्हणाले आणि पुन्हा वरच्या नावावर आले.

मी जाताना भाषण जुळवलं होतं. नवरा गेला म्हणून आईपण जातं का, लेकीला वाढवताना भावकीतल्या कुणी हातभार लावला, असं बरंच. तोंड उघडणार तेवढ्यात गंगासागरच बोलली, "भावजी, लेक माझी हाय. बोलावणारी मीच. या, न्हाईतर नका येऊ."

आणि पत्रिका त्यांच्या हातात ठेवली. कोपऱ्याला हळदीकुंकू होतं, तिनं स्वतःच्या बोटानं लावलेलं. ते बराच वेळ त्या बोटाच्या ठशाकडे बघत राहिले. येतो म्हणाले नाहीत. पत्रिका मात्र परत केली नाही. गंगासागर आमंत्रण द्यायला पुढच्या घराकडे वळलीसुद्धा. लग्नाला ये, आणि आमच्यावर आहे तसाच जीव ठेव.

आप्पा