आधीची आवृत्ती

३ नोव्हेंबर
झाशी आवडली! नगरा भागातलं घर हवेशीर आहे, शर्वरीला शाळेत मैत्रीण मिळाली आणि इलाइट चौराह्यावरची कचोरी खाऊन मी मिलिंदला रेल्वेतली ही बदली माफ करून टाकली. माझी नोकरीही मजेची. कारखान्यातला चाचणीचा प्रोग्रॅम जुन्या विंडोजवरून लिनक्सवर आणायचा. तो पायथन भाषेच्या जुन्याच आवृत्तीवर चालतो, नवीवर रुसून बसतो. म्हणून त्याला व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे घरातल्या घरात वेगळी खोली. आत जुनं, बाहेर नवं, भांडण नाही.

५ नोव्हेंबर
ही खोली माझ्या आधीच्या विद्या मॅडमनी बनवलेली. त्या गेल्या वर्षी वारल्या. शेजारच्या टेबलावरचे पियुषजी म्हणाले, मॅडमजी, नया बनाइए, पुराना उठाके मत लाइए. ज्या जागी बनलं ती जागा ते विसरत नाही. एवढं मलाही कळतं हो! पण कंटाळा आला. अख्खं फोल्डर त्यांच्या कॉम्प्युटरवरून माझ्या लॅपटॉपवर उचलून आणलं, आतल्या फायलींच्या पत्त्यात ‘विद्या’ नाव खोडून माझं, ‘मृदुला’, घातलं. चाललं! खरं तर चालायला नको होतं.

९ नोव्हेंबर
शर्वरीने विचारलं, भाजीत कूट का? मम्मी, पहले तो आप नहीं डालती थीं. तिच्या जन्मापासून मी कूट घालते. हसण्यावारी नेलं.

१० नोव्हेंबर
स्क्रीनवर आपोआप ओळी आल्या. ‘मृदुला: आधीची आवृत्ती सापडली. काढत आहे.’ पियुषजी म्हणाले, नवीन बसवताना जुनं निघतंच. मी तर काहीच बसवत नव्हते.

११ नोव्हेंबर
फोल्डर डिलीट केलं. परत आलं. ऑफिसात, घरी, शर्वरीच्या टॅबवरसुद्धा. मिलिंद ड्युटीवर कानपूरला. फोनवर रडले, लगेच ये म्हटलं. तो म्हणाला, विद्या, घाबरू नकोस.

विद्या म्हणाला.

१२ नोव्हेंबर
फार भीती वाटते. शर्वरी कुठल्या दवाखान्यात झाली ते आठवेना. तिला जवळ घ्यायला गेले तर दचकून मागे सरकली. म्हणाली, आंटी, आप कौन? अगं, आई आहे मी तुझी— देवा, माझं काहीही ने, पण ही पोर—

१३
‘विद्या: नवी आवृत्ती बसवली.’
शर्वरीने मम्मी म्हणून हाक मारली. मी ओ देण्याआधीच स्वयंपाकघरातून कुणीतरी ओ दिली. ती धावली तिकडे, हसत— शर्वरी, नको, इकडे बघ, मी तुझी