एकोणीसचा टायर

सोमवार, ३ फेब्रुवारी १९५८

न्हाय, मला न्हाय ठाऊक. टायर कुठं मिळतो ते मला काय विचारता, मी काय पेणला दुकान घातलंय? — असं म्हणलं मी सदाभावजींना.

ते पडवीत फटफटीसमोर उकिडवे बसलेले. ह्यांची फटफटी. लष्कराच्या लिलावातली. हे गेल्यापासनं तीन वर्सं गोणपाटाखाली उभी हाय. सीटवर कोंबडी अंडी घालते. म्हणलं, "भावजी, आधी कोंबडीला विचारा."

हसले न्हाईत. मिठागराच्या सोसायटीत मुकादमाची जागा निघालीय. पाच आगरं, रोज सगळी फिरायची. ज्याची गाडी त्याला जागा. सतरा तारखेला, सोमवारी, गाडी घेऊन हजर व्हायचं. न्हाय जमलं तर भावजी आन् माझी जाऊ केसर मुंबईला जाणार, गोदीत हमालीला. केसरला पाचवा महिना लागलाय. हितं मग मी आन् सासू, दोघी एकमेकींची तोंडं बघत.

इंजिन दोन दिवसांत चालू केलं त्यांनी. मागचा टायर तेवढा तसाच — फाटलेला. त्या दिवशीचाच.

बुधवार, ५

भावजी पेणहून हात हलवत आले. बाळाजी मिस्त्री म्हणाला, "चाक एकोणीस इंचाचं हाय. असले टायर विलायतेहून यायचे. आता येत न्हाईत. अठराचे सांग, देतो."

भावजी म्हणाले, "मग अठराचाच ताणून बसव की."

"टायर हाय तो, लेंगा न्हाय. चढणारच न्हाय."

बाळाजीची नक्कल मी करून दाखवली. केसर पोट धरून हसली. भावजींनी पानावरनं मान वर केली न्हाय.

शुक्रवार, ७

जेवताना सासूनं पुन्हा तेच काढलं. "तेव्हा मुंबईत टायर मिळाला असता तर माझा रामचंद्र आज पानावर असता." तीन वर्सं हेच. गाव पण हेच म्हणतं. खाडीच्या बांधावर वळणात जुना टायर फुटला, गाडी घसरली, हे खाली दगडांवर. दुपारी बैलगाडीतनं आणले.

मी भात वाढायला उठले.

सासू म्हणाली, "कणगीतल्या भाताला कसलासा वास मारतो गं. एकदा सगळं उपसून कणगी सारवू या."

म्हणलं, "आत्या, कणगीचा तळ उघडा पाडू नये, जुन्यावर नवं भात ओतत जायचं, तुमीच शिकवलंत. आन् वास तुमच्या तपकिरीचा हाय."

तिनं तपकिरीची डबी कनवटीला खोचली.

सोमवार, १०

पनवेलला दोन टायर बघितले म्हणे. एक एकोणीसचा, पण झिजून तार दिसायला लागलेली. दुसरा नवा, एकोणीसचाच, पण रुंद. कुठल्यातरी मोठ्या गाडीचा. भावजींनी रुंद घेतला. गळ्यात अडकवून एष्टीतनं उतरले, रस्ताभर लोकं बघतायत.

म्हणलं, "हार घालून आलात, आता नारळ फोडू?"

तेव्हा हसले. अगदी ह्यांच्यासारखे हसले. मी आत गेले, चुलीत उगाच फुंकत बसले.

बुधवार, १२

रुंद टायर साखळीला घासतो. बाळाजीनं सुरीनं त्याची कड तासली. भावजींना बजावलं, "गावात फिरव. बांधावर नेऊ नको. घासून घासून फुटंल." आता मिठागरावर बांधाशिवाय रस्ता कुठला?

भावजी म्हणतात, "दोन महिने काढंल. पगार सुरू झाला की बघू."

केसर रात्री माझ्याजवळ येऊन निजली. म्हणली, "वयनी, तुजं ऐकतात. तू सांग ना."

काय सांगू?

गुरुवार, १३

मस्करी सुचत न्हाय.

शनिवार, १५

भावजी बांधावर चालवून बघायला गेले. मी आन् केसर अंगणात उभ्या. फटफटीचा आवाज लांब गेला, वळणापाशी बंद पडला. केसरनं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी — मला बांगडी न्हाय, तिचीच फुटली.

लंगडत आले. गुडघा सोललेला, गाडी ढकलत. टायरची कड दोऱ्यापर्यंत खाल्लेली. रबर जळल्याचा वास अंगणभर.

"काय न्हाय झालं. सोमवारी हळू नेईन," म्हणाले.

सासू तिथंच खाली बसली. म्हणली, "मला दुसऱ्यांदा बैलगाडी बघायची न्हाय."

भावजी म्हणाले, "मग टायर आण कुठनं तरी."

रविवार, १६

सकाळी कणगी उपसली. सगळं भात अंगणात. सासू ओरडत होती, तूच म्हणलीस ना, तळ उघडा पाडू नको म्हणून. पाडला. तळाशी नवा टायर. एकोणीसचा, बरोब्बर मापाचा, वरचा कागद तसाच. भावजींच्या पुढ्यात ठेवला. सांगितलं सगळं. भावजी टायर घेऊन पेणला गेले. सासू भातापाशी बसून हाय अजून.

हितं कधी लिहिलं न्हाय ते लिहिते. ह्यांना मुंबईत टायर मिळाला होता. आदल्या रात्री धरमतरला लाँचनं उतरून घेऊन आले, घर निजलेलं, एकट्या मला दाखवला. सकाळी हे आंघोळीला गेले आन् मी तो मस्करीत कणगीत पुरला. सारं घर शोधलं ह्यांनी. उशीर होतोय, दे गं, म्हणाले. मी न्हाय दिला. जुन्या टायरवरच गेले. फटफटी वळणावर दिसेनाशी झाली तेव्हा मी दारात हसत उभी होते.