आजोबांच्या कपाचा कान

तीर्थरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरलीय, तेव्हा तो कागदावरच घालतोय. खरोखर घातला असता तर उचलायला दोन माणसं लागली असती.) तुझं डावं मनगट कसं आहे? डॉक्टरांनी दिलेला पट्टा तू बांधत नसणार, कपाटात घडी घालून ठेवला असणार. उजव्या हाताची सवय कर म्हणण्यात अर्थ नाही. तिथे खुद्द नवऱ्याचं, तात्यांचं, जन्मभर चाललं नाही, मी कोण टिकोजी लागून गेलो! इकडे सगळे मजेत आहेत, माझ्याखेरीज. भाच्याला एकदम पत्र लिहायची बुद्धी कुठून झाली, असं तुझ्या मनात आलंच असेल. फोनवर तू मला तिसऱ्या वाक्याला गप्प करतेस, म्हणून. दुसरंही एक कारण आहे, ते येईल पुढे.

तू मालिका बघत नाहीस असं चारचौघांत सांगतेस, म्हणून मुळापासून सांगतो. मी लिहितो त्या मालिकेत एक आजोबा आहेत. पहिल्यांदा ते भरपूर बोलायचे. मग त्या नटाने नवी कवळी केली, ती बसेना, आणि त्यांनी 'समजूतदारपणा' म्हणायला तोंड उघडलं की समोरच्या सूनबाई हातरुमाल काढायच्या. दिग्दर्शक म्हणाले, दोन दिवस गप्प ठेव. त्या दोन दिवसांचे चार महिने झाले. आजोबा सकाळी आजींचा चहाचा कप आणून ठेवतात, खिडकीजवळच्या खुर्चीत बसतात आणि बघत राहतात. बस्स. मला तर बरंच झालं होतं, तेवढेच संवाद कमी.

पण या गप्प बसण्यावर लोकांनी काय काय इमले चढवले म्हणून सांगू! मालिकेच्या चाहत्यांचा एक ग्रुप आहे, हजारभर माणसांचा. तिथे मी खोटं नाव घेऊन शिरलो. (लेखकाने असं करू नये, कळतं मला. पण शेजारच्या खोलीत आपल्याबद्दल कुजबूज चालली असेल तर दाराला कान कोण लावत नाही?) एक निवृत्त टपालमास्तर म्हणतात, आजोबांनी थोरल्या मुलाचं पत्र दडवलंय. एक नर्सबाई म्हणतात, म्हाताऱ्याला झटका येऊन गेलाय आणि घरात कुणाचं लक्षच नाही मेलं. आणि ग्रुपच्या ॲडमिन, 'निळी छत्री' नाव घेतलेल्या कुणी बाई, ठासून सांगतात की आजोबांना आजींना काहीतरी सांगायचंय, फक्त शब्द सापडत नाहीयेत. मला राहवेना. मी लिहिलं, अहो, तसं काही नाही, नटाची कवळी बसत नाहीये. झालं! सगळे हात धुऊन मागे लागले. लेखकाच्या मनात असलं काही नव्हतं, असं मी परोपरीने सांगितलं. त्यावर निळ्या छत्रीचं उत्तर आलं की लेखकाच्या मनात काय आहे ते लेखकाला कळतं, असं तुम्हाला कोणी सांगितलं?

मग निघालं कपाचं प्रकरण. नर्सबाईंच्या लक्षात आलं की आजोबा कप ठेवतात तेव्हा कपाचा कान आजींच्या डाव्या हाताला असतो, आणि आजी तर उजव्या हाताच्या, दर वेळी कप फिरवून घेतात. चूक आहे, म्हणाल्या. मीही म्हटलं, चूकच. (आतून चरकलो. 'कान डावीकडे' असं स्क्रिप्टमध्ये मीच लिहितो, दर भागात, आणि का लिहितो ते मला सांगता येईना. कप असाच ठेवतात, एवढंच माहीत.) निळी छत्री म्हणाली, चूक नाही. कप ज्याला द्यायचा त्याचा हात बघून ठेवतात. या आजी एके काळी डावखुऱ्या असणार आणि आजोबांना ते अजून आठवतंय. माझं डोकं फिरलं. मी लिहून बसलो की बाई, लेखकाला मी चांगला ओळखतो, त्या गाढवाला एवढी अक्कल नाही. मिनिटाच्या आत मला ग्रुपमधून हाकललं. कारण काय, तर लेखकाबद्दल अपशब्द.

हसू नकोस. खरं संकट पुढेच आहे. कवळी बसली! चॅनेलच्या बाईंनी बजावलंय, शनिवारच्या भागात आजोबा बोलले पाहिजेत, आणि असं बोलले पाहिजेत की बघणाऱ्यांनी हातातलं काम खाली ठेवावं. नाहीतर सोमवारपासून खुर्ची रिकामी आणि आजोबांचा फोटो भिंतीवर. फ्रेम आणूनसुद्धा ठेवलीय. तो बिचारा नट मेकअपच्या आरशासमोर 'समजूतदारपणा, समजूतदारपणा' घोकत बसलेला असतो आणि मी दिसलो की विचारतो, काय बोलतो हो मी? मी तेरा वाक्यं लिहिली. एकात आजोबा माफी मागतात, एकात पत्राची कबुली देतात (टपालमास्तरांची मर्जी राखायला), एकात नुसतं पाणी मागतात. तेराही फाडली. चार महिने एका माणसाला मी गप्प बसवलं आणि त्याच्या पोटात काय आहे ते मलाच ठाऊक नाही, याची मला लाज वाटते आत्या, खरंच वाटते.

असो. तू मालिका बघत नाहीस, तुझ्या डोक्याला कशाला ताप! पट्टा बांध. 

तुझा भाचा,
बडबड्या

ता. क. परवा मी बायकोला चहा दिला. ती म्हणाली, लग्नाला अकरा वर्षं झाली, मी उजव्या हाताची आहे हे तुम्हाला कधी कळणार? तेव्हा डोक्यात लख्ख झालं. सुट्टीत तुझ्याकडे असायचो तेव्हा तात्या रोज तुझ्या शिलाई मशीनशेजारी कप ठेवायचे, कान तुझ्या डाव्या हाताला. एक अक्षर न बोलता. मला वाटायचं, जगभर कप असाच ठेवतात.

ता. क. तुझ्या दारामागे खुंटीला असते ती छत्री निळीच ना? आता 'मी नाही त्यातली' म्हणू नकोस.

ता. क. शेवटचे दोन महिने तात्यांची वाचा गेली होती. तू उशाशी बसायचीस आणि ते नुसते तुझ्याकडे बघायचे. त्यांना काय सांगायचं होतं, ते तुला कळलं असेल तर एका ओळीत लिहून पाठव. फोनवर हे विचारायची माझी छाती झाली नसती. जमणार नसेल तर नको पाठवूस, माझी शपथ. मग शनिवारी आजोबा बोलणार नाहीत, नुसता कप ठेवतील, आणि या खेपेला आजी तो डाव्या हाताने उचलतील. खुर्ची गेली तर गेली.

ता. क. आणि काहीही ठरलं तरी शनिवारच्या आत मला ग्रुपमध्ये परत घे. आजोबांच्या मनात काय होतं, ते मला कुणीतरी समजावून सांगायला नको का?