नरसाळ्याचा कर्णा

समा, बडोदे
१० सप्टेंबर २०२५

ती. शैलाताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर मी तुला बोलू देत नाही, म्हणून आता पत्रच लिहायचं, असा तुझा हुकूम. मान्य. इथे तुला मला मधेच तोडता येणार नाही, हा फायदा मात्र माझा.

गुडघे फार छळतात. कारखान्याच्या गेटवर सभा गाजवणारा तुझा भाऊ आता जिन्यात दोनदा टेकतो. तरी संध्याकाळी सोसायटीची मुलं गॅलरीत जमतात. नात यशश्रीला वाढदिवसाला बॅटरीचा पियानो मिळाला, तो आठवड्यात मुका झाला. तेव्हाच ठरवलं, जे वाजवायचं ते मुलांनी स्वतः करायचं, आणि तेही घरातल्या टाकाऊतून. सिंगतेलाच्या रिकाम्या डब्याचा ढोल झाला. माझ्या रक्तदाबाच्या गोळ्यांच्या बाटल्यांत मूग घालून खुळखुळे केले. सोड्याची बुचं तारेत ओवून झांजा केल्या. शेजारच्या मयंकने नळाच्या पाइपाला नरसाळं बसवून कर्णा केला, पण तो कुणालाच वाजत नाही. यशश्री म्हणते, त्याला फार दम लागतो.

नवरात्राच्या तिसऱ्या दिवशी, आरतीनंतर आणि डीजेच्या आधी, मुलांना पाव तास मिळाला आहे. सोसायटीच्या प्रमुखांशी भांडून मिळवला. पुरता दमलो. आधी मी दोन शब्द बोलणार आहे.

लोभ आहेच, या वयात तो आटू देऊ नकोस.
तुझा दिनकर


सांगली
१६ सप्टेंबर

चि. दिनकर यास,
अ. उ. आ.

पत्र पूर्ण वाचलं. फोनवर एवढं ऐकलं असतं तर कान दुखले असते. सूनबाईच्या डब्यातले मूग तिला विचारून घेतलेस ना? कांचन बिचारी दिवसभर ऑफिसात, आणि घरी आली की तुझा कारखाना.

एकच काळजी आहे. तुझे दोन शब्द मला ठाऊक आहेत. माझ्या लग्नात तू आभाराचे दोन शब्द बोललास आणि पंगतीतल्या जिलेब्या गार झाल्या. सासरी अजून तो विषय निघतो. पाव तास मुलांचा आहे, एवढं ध्यानात ठेव.

डोळ्यांत औषध घालायची वेळ झाली. तब्येतीला जप, रागाला आवर.
तुझी ताई


समा, बडोदे
२५ सप्टेंबर

ती. ताईस,
शि. सा. न.

तू म्हणालीस तेच झालं.

मुलं वाद्यं घेऊन स्टेजवर ओळीने उभी होती. मी माइक घेतला. कचऱ्यावर बोललो, मग विकत आणलेल्या आनंदावर, मग डीजेच्या भिंतींवर. टाळ्या पडल्या आणि मी वाहवत गेलो. त्यातला शब्दन् शब्द खरा होता, हे आजही म्हणतो. प्रमुखांनी खांद्यावर हात ठेवून, काका, आता पुरे, असं गुजरातीत अगदी आदराने सुचवलं, तेव्हा पाव तास उलटून गेला होता. डीजे सुरू झाला. मुलं तशीच खाली उतरली.

यशश्री रडली नाही. तिने कांचनला एवढंच विचारलं, की आजोबांचं भाषण चांगलं झालं का.

आता गॅलरीत कुणी फिरकत नाही. सगळा ढीग पस्तीवाल्याला, म्हणजे इथल्या रद्दीवाल्याला, देऊन टाकावा म्हणतो. गेटवरच्या पराभवांनीसुद्धा मी असा थकलो नव्हतो. मुलांना बोलावून माफी मागणार आहे. मुद्दे काढून ठेवले आहेत.

तुझा दिनकर


सांगली
२९ सप्टेंबर

चि. दिनकर यास,
अ. उ. आ.

मुद्दे फाडून टाक. माफीचंही तू भाषण करशील, आणि मुलं पुन्हा ओळीने उभी राहतील.

पस्तीवाल्याला काही द्यायचं नाही. ती वाद्यं तुझी नव्हेत, मुलांनी केली आहेत. शरद पुनवेला तुमच्याकडे सगळे त्या दूधपौव्यासाठी, दुधातल्या पोह्यांसाठी, खाली जमतात ना? डीजेवाला तोवर गेलेला असेल. वाद्यं खाली नेऊन मांड आणि बाजूला बस. मुलं येतील किंवा येणार नाहीत.

तुझं बोलणं खोटं असतं, असं मी कधीच म्हटलं नाही. पण तुझ्या खऱ्याला दुसऱ्यांचा वेळ का लागतो रे?

पत्र स्पीडपोस्टाने टाकते आहे. पुनवेआधी हाती पडो. माया पातळ झालेली नाही, हे वेगळं लिहायला नको.
तुझी ताई


समा, बडोदे
७ ऑक्टोबर

ती. ताईस,
शि. सा. न.

काल वाद्यं पार्किंगमध्ये मांडली आणि बाकावर बसलो. बराच वेळ कुणी आलं नाही. पौवे खाऊन लोक वर निघाले. मग यशश्री आली, तिने डबा पुढ्यात ओढला. मागोमाग मयंक आला, मग बाकीची. कुणाला बाटल्या, कुणाला बुचांच्या झांजा, अशी वाटणी तिनेच केली. मी काही बोलणार, तोच तिने कर्णा माझ्या हातात ठेवला. तिचं म्हणणं पडलं, हा आजोबांनीच वाजवायचा, एवढा दम दुसऱ्या कुणात नाही.

गरबा झाला. वर निघालेल्या बायका परत येऊन फेर धरून फिरल्या, प्रमुखही त्यात घुसले. डबा थांबेपर्यंत मी फुंकत होतो.

शेवटी मुलं माझ्याकडे बघत उभी राहिली. आता भाषण होणार, असं त्यांना वाटलं असावं. माझ्यात बोलायला दम उरला नव्हता.

ओठ सुजले आहेत. हे पोचलं की फोन कर. बोलायचं तू.

दिनकर